पेवातला वारा

॥ श्री जोगाई प्रसन्न ॥

मोमिनाबाद,
फाल्गुन वद्य षष्ठी, शके १८३०

सौ. शिवकन्यावहिनींस,

धाकटा दीर बंकट याचा साष्टांग नमस्कार. इकडे माय, दादा आणि मी सुखरूप आहोत. तुम्ही माहेरी गेल्यापासून घरातलं तिखट कमी झालं, एवढाच काय तो फरक. जेवताना मला टोमणे मारायला कुणी नाही, त्यामुळे दोन घास कमीच जातात. तुमच्या मातोश्री चंद्रभागामावशींना आणि भारतभाऊंना माझा नमस्कार सांगा. पोटातल्या धन्याला जे सांगायचं ते तो बाहेर आला की मी माझं सांगेन.

पत्र बाळबोधीत लिहितो आहे. मोडी तुम्हाला लागत नाही, आणि पोथीवर शिकलेलं वाचन असताना भावाकडून पत्र वाचून घेणं तुम्हाला खपायचं नाही. दादा शेजारी बसून सांगतो आहे. त्यातलं निम्मं मी लिहीत नाही, कारण ते धाकट्या दिरानं लिहिण्यासारखं नसतं.

साहेबाच्या दारूचं काय झालं म्हणून तुम्ही विचारलंत. रिसाला इथून हलला, घोडे गेले, गोरे गेले, आणि दादाचा हा म्हातारा साहेब तेवढा बंगला धरून राहिला. त्याला पाण्याऐवजी बीर लागते. पूर्वी ती मुंबईहून बार्शीपर्यंत आगगाडीनं आणि पुढे छकड्यातून यायची. अर्ध्या बाटल्या घाटात फुटायच्या, उरलेल्या उन्हानं नासायच्या. शेवटी साहेबानं मनावर घेतलं की बीर घरीच करायची. करायची कुणी? तर त्याच्या सिदूनं, म्हणजे आपल्या दादानं. साहेब खुर्चीत बसून पुस्तक वाचतो आणि दादा जव भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, भरडतो, उकळतो, त्यात विलायतेची कडू फुलं घालतो आणि रांजणात आंबायला ठेवतो.

माय त्याला आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही.

"जोगाईच्या गावात ऱ्हाऊन दारू गाळतो व्हय रे?"

"गाळत न्हाई माय, आंबवतो."

"आंबव न्हाईतर गाळ. आधी अंगावर पाणी घे."

पण अडचण निराळीच आली. बीर झाली, बाटलीत भरली, बूच मारलं, आणि पंधरवड्यानं उघडली तर फेस नाही, बुडबुडा नाही, नुसतं कडू पाणी. साहेबानं पेला तोंडाला लावला आणि ओरडला, "सिदू, ये तो मुर्दा है!" तेव्हापासून आमच्या घरात जिवंत बीर आणि मेलेली बीर, याशिवाय दुसरं बोलणं नाही.

दादानं डोकं लावलं. रांजण आंबताना त्यातून जे बुडबुडे वर येतात त्याला तो वारा म्हणतो. तोच वारा बाटलीत कोंडला की फेस होतो. साहेबाची बुचं जुनी, वाळून आकसलेली, त्यातून वारा निसटून जायचा. दादानं बुचं कढत पाण्यात भिजवून ठोकली, वरून तार आवळली आणि भरताना दर बाटलीत चिमूटभर साखर टाकली, म्हणजे आत पुन्हा थोडं आंबेल आणि वारा धरेल. धरला की! कुठं चिमूट लहान, कुठं मोठी, त्यात हे ऊन. कोठीत तोफा सुटल्यासारख्या बाटल्या उडाल्या. एक काच दादाच्या भुवईला चाटून गेली. लिहू नको म्हणतो आहे, म्हणून लिहितो. जखम भरली आहे, काळजी नसावी.

आता त्यानं नवी जागा काढली आहे. बंगल्यामागं घोड्यांच्या चंदीचं, दाणा साठवायला जमिनीत खोल खणलेलं पेव आहे. रिसाला गेल्यापासून रिकामं, आत हरभऱ्याचा दाणा नाही. वर कितीही ऊन असो, आत गार. बाटल्या तिथं ठेवायच्या. मायनं मात्र बजावलं, "पेवात उतरायच्या आधी दिवा सोडायचा बरं का. दाण्याची वाफ माणसाला खाती." तिच्या शब्दाखातर आम्ही पहिल्या दिवशी दोरीला दिवा बांधून सोडला. तळाला जाऊन छान जळत राहिला. दादा म्हणाला, "दानाच न्हाई तर वाफ कुठली?" आता आम्ही शिडी लावून खुशाल उतरतो.

जपून राहा. विहिरीवर एकट्या जाऊ नका.

तुमचा लाडका दीर (असं तुम्हीच म्हणाला होतात),
बंकट

॥ श्री जोगाई प्रसन्न ॥

मोमिनाबाद,
चैत्र वद्य नवमी, शके १८३१

सौ. शिवकन्यावहिनींस,

बंकटचा साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. अक्षर आता माझ्यापेक्षा बरं येतं तुमचं, पण हे दादाला सांगितलं नाही, उगाच छाती फुगायची त्याची.

बाटल्यांचं जमलं आहे. दर बाटलीत चिमूट टाकणं दादानं बंद केलं. आता खडीसाखरेचा पाक करतो, निववतो आणि भरायच्या आधी सगळ्या मालात एकदम ढवळतो. म्हणजे प्रत्येक बाटलीला सारखंच मिळतं. चार दिवस बाटल्या कोठीत उबेला, मग पेवात गारव्याला. एकही फुटली नाही. पण ज्या रांजणात मूळ बीर आंबते तो मागच्या ओसरीवर, आणि ओसरी दुपारी तव्यासारखी तापते. दोन रांजण आंबून व्हिनेगार झाले. साहेब म्हणतो, फेस चांगला आहे, पण फेसाखाली चिंचेचं पाणी आहे.

तेवढ्यात तुमचं पत्र आलं. ओट्यावर बसून मी मोठ्यानं वाचलं. माय ज्वारी निवडत होती, दादा पाणी पीत होता. तुम्ही लिहिलंत, "बाटल्यांना गारवा आणि रांजणाला ऊन, हा कुठला न्याय? सासूबाई विरजण उन्हात ठेवतात का? बाळंतीण खोलीत हवी, तसं मूळच पेवात उतरवा." दादाला पाण्याचा ठसका लागला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "माझ्या बाईला लई अक्कल हाय. साहेबाच्या पुस्तकात बी न्हाई एवढी." हे शब्द जसेच्या तसे लिही म्हणून त्यानं मला शपथ घातली आहे. लिहिले.

दुसऱ्याच दिवशी रांजण दोरखंडानं बांधून उतरवले. आम्ही दोघं घामानं निथळलो, पण उतरवले. साहेबाला दादानं सांगितलं, ही माझ्या घरच्या माणसाची युक्ती. साहेबानं टोपी काढून "मेमसाब को सलाम" म्हटलं. तेव्हा तुम्हाला विलायतेचा सलाम पोचवतो आहे.

परवा पेवातल्या रांजणातली पहिली बाटली उघडली. बूच उडून छपराला लागलं. फेस असा चढला की पेल्याबाहेर, हातावर, कोपरापर्यंत. साहेब पोरासारखा हसत होता. दादा म्हणतो, बाळ झालं की तो लगेच गेवराईला येणार. बारशाला घुगऱ्या खाणार आणि साहेबाला परत येऊन गोष्ट सांगणार.

मुलगा असो की मुलगी, नाक तुमचं असावं. आमच्या घरची नाकं तुम्हाला ठाऊकच आहेत.

तुमचा लाडका दीर,
बंकट

॥ श्री जोगाई प्रसन्न ॥

मोमिनाबाद,
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८३१

सौ. शिवकन्यावहिनींस,

बंकटचा साष्टांग नमस्कार.

मुलगा झाल्याची बातमी पोचली. जोगाईनं गोड केलं.

दादा काय म्हणाला ते तुम्ही विचाराल, म्हणून लिहितो. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा दादा बंगल्यावर बुचं भिजवत होता. ऐकलं आणि तिथंच खाली बसला. ओल्या हातानं तोंड पुसलं, त्यामुळे रडला की नाही ते कळलं नाही. मग उठून तसाच पेठेत गेला आणि वाळे घेऊन आला. चांदीचे आहेत, घुंगरू लावलेले. मायनं देवापुढे ठेवले आहेत. साहेबाला त्यानं तीनदा सांगितलं, मुलगा झाला, मुलगा झाला.

बारशाला येणं होत नाही. साहेब एकाएकी हैदराबादेकडे निघाला आणि दादाला बरोबर जावं लागलं. कधी परततील ते सांगता येत नाही. तुम्ही वाट पाहू नका. बाळाचं नाव राधाकिशन ठेवायचं दादानं बोलून दाखवलं होतं. आमच्या आबांचं नाव. तेच ठेवा.

दोन्ही वेळचं जेवा. शेपू, खोबरं, डिंक, मावशी जे देतील ते खा. बाळाला अंगावर पाजा. दुसरं काही मनात आणू नका.

बंकट

मोमिनाबाद,
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८३१

राजमान्य राजश्री भारतभाऊ यांस,

बंकटचा दंडवत. हा कागद मोडीत लिहिला आहे, तो तुमच्या बहिणीला वाचता येऊ नये म्हणून. दुसरा कागद तिच्या हातात द्या. आणणारा माणूस आपला आहे, पण त्याला घरात बसवू नका. अंगणातूनच परत पाठवा.

दादा काल सकाळी गेला.

आज वाटेला लागणार होता तुमच्याकडे यायला. दशम्या झाल्या होत्या. साहेब म्हणाला, जायच्या आधी वरती चार बाटल्या काढ, तुझ्या मुलाच्या नावानं पिऊ. वळवाची भीती म्हणून पेवाच्या तोंडावर तीन-चार दिवस शिळा ओढून ठेवली होती. आम्ही ती सरकवली. दादा शिडीनं उतरला. मी वर टोपलीची दोरी धरून उभा. "सोड टोपली," म्हणाला. मी सोडली. मग दोरीला हिसका येईना. हाक मारली. वाकून पाहिलं तर तो रांजणाला पाठ टेकून बसला होता, दमल्यावर बसतो तसा.

मी शिडीवर पाय टाकला तर बंगल्याच्या माळ्यानं मला कमरेला मिठी मारून मागं ओढलं. मी त्याला चावलो, भाऊ. त्यानं सोडलं नाही. कुणीतरी दिवा आणला, दोरीनं सोडला. निम्म्यात विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा तिथंच विझला. मग बायकांनी पाण्याच्या घागरी ओतल्या, लिंबाच्या फांद्या दोरीला बांधून खालीवर केल्या, घोंगड्या हलवल्या. दिवा तळाला जळेपर्यंत मला जाऊ दिलं नाही. मग मला दोर बांधून सोडलं आणि मी त्याला घेऊन वर आलो. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ओठ तेवढे निळे. कमरेच्या पंच्यात एक बाटली खोचलेली होती, ती काठावरच्या दगडाला लागून फुटली. तिचा फेस मातीत बराच वेळ खदखदत होता. इतकी चांगली बीर आमच्या हातून कधी झाली नव्हती.

साहेब मातीतच बसला होता. मोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला की बाटलीत असतो तोच हा वारा. रांजण आंबताना रात्रंदिवस निघतो, जड असतो, तळाला बसतो. ओसरीवर होता तोपर्यंत उडून जायचा. पेवातून जायला वाट नव्हती. आम्हाला वाटलं दाणा नाही म्हणजे वाफ नाही. पेवाचं भय आमच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण ते दाण्याचं.

काल दुपारी अग्नी दिला. मीच दिला.

आता जे लिहितो ते वाचून झालं की कागद चुलीत घाला. रांजण पेवात उतरवा, हे शिवकन्यावहिनींनी पत्रात लिहिलं होतं. बिचारीनं थट्टेत लिहिलं. दादानं डोक्यावर घेतलं. सगळ्यांपुढे मी मोठ्यानं वाचलं होतं आणि उलट पत्रात तिला तसं कळवलंही होतं. ते पत्र तिच्याजवळ आहे, बहुधा उशाशी असेल. ते काढून घेऊ नका, तिला लगेच संशय येईल.

स्मशानातून आल्यावर माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला म्हणाली, "तिनंच लिवलं ना रे?" हे एकदा गावात गेलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नवऱ्याला खाल्लं म्हणतील. पोराच्या पायगुणावरही येतील. बायका विहिरीवरून बाजूला होतील, आणि आमची माय, जिचा मुलगा गेला, ती एक दिवस रागात ते तोंडावर बोलून जाईल. आणि कुणी काही बोललं नाही तरी तुमची बहीण स्वतःच स्वतःला म्हणत राहील, जन्मभर. कोवळं अंग आहे. तुमच्याकडे विहीर अंगणातच आहे, भाऊ.

आज पहाटे मायनं मला उठवलं. म्हणाली, "बंकट, त्ये पत्र मी ऐकलंच न्हाई." मग आम्ही जोगाईपुढे जाऊन बाहेरूनच हात जोडले, सुतकात आत जाता येत नाही म्हणून. तिनं शब्द दिला. साहेब गाशा गुंडाळून मुंबईला चालला आहे, तो परत येणार नाही. म्हणजे आता मी, माय आणि तुम्ही.

तेव्हा असं करायचं. सव्वा महिना होईपर्यंत तिला काहीच कळू द्यायचं नाही, नाहीतर दूध आटेल आणि पोरगं जाईल. सुतकात बारसं करायचं नसतं हे मला कळतं. माय म्हणाली, होऊ दे, पाप माझ्यावर. मावशींना सांगा की रोजच्यासारखं तिला कुंकू लावा. मला आज तिच्या नावामागं सौ. लिहिताना काय झालं ते मलाच माहीत.

सव्वा महिना झाला की मी पत्र लिहीन. त्यात रांजण माझ्या सांगण्यावरून उतरवले असं असेल. ती तुम्हाला विचारेल. तुम्ही म्हणायचं, हो, बंकट पहिल्यापासूनच अर्धवट. मला शिव्या द्या. जोरात द्या. तिला खरं वाटलं पाहिजे.

एकच गोष्ट मला जड जाते. "माझ्या बाईला लई अक्कल हाय" असं दादा म्हणाला होता. दादानं तिच्यासाठी म्हटलेलं तेवढंच एक वाक्य तिच्याजवळ आहे. तेही मला काढून घ्यावं लागणार.

आपला,
बंकट

मोमिनाबाद,
ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, शके १८३१

शिवकन्यावहिनींस,

बंकटचा नमस्कार.

नावामागं दरवेळी लिहितो ते आज लिहिलं नाही. विसरलो नाही. पुढचं वाचायच्या आधी बाळाला मावशींकडे द्या आणि बसून घ्या.

दादा गेला, वहिनी. वैशाखातच गेला. माझं मागचं पत्र तुमच्या हातात पडलं तेव्हा तो नव्हता. हैदराबाद वगैरे सगळं खोटं. बातमी ऐकून तो खाली बसला, वाळे आणले, तीनदा साहेबाला सांगितलं, हे मात्र खरं आहे. तेवढं जपून ठेवा.

मावशींवर आणि भाऊंवर रागावू नका. त्यांना सगळं ठाऊक होतं. रोज सकाळी मावशी तुम्हाला कुंकू लावत होत्या आणि मग गोठ्यात जाऊन तोंडात पदर कोंबत होत्या, असं भाऊंनी कळवलं. बाळाचं दूध तुटू नये म्हणून हे केलं. मीच करायला सांगितलं.

तो पेवात गेला. बीर आंबताना तिचा वारा निघतो, तो जड असतो, तळाला साचतो. पेव बंद होतं. दादा उतरला आणि बसला तो उठला नाही. त्रास झाला नसावा. तोंड शांत होतं. मी त्याला हातांनी वर आणलं आहे, म्हणून सांगतो.

आता तुमच्या मनात जे आलं असेल त्याकडे येतो. तुम्ही ते माझं चैत्रातलं पत्र काढाल आणि पुन्हा वाचाल. वाचू नका. त्यात मी खोटं लिहिलं आहे.

रांजण तुमचं पत्र यायच्या आधीच खाली होते. माझ्या अकलेनं. दादाला ते नको होतं. "एवढाले रांजण खाली कावून न्यायचे? न्हाई जमायचं," म्हणाला. मीच हट्ट धरला. भ्यालास का म्हणून चिडवलं. शेवटी माझं तोंड बंद करायला तो तयार झाला. मायला हे कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं, तिला पेवात दारू नकोच होती. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, आणि योगायोगानं तुम्हीही तेच थट्टेत लिहिलेलं. मला आयतंच सापडलं. पुढंमागं मायला कळलंच तर सांगता यावं म्हणून सगळं तुमच्या नावावर ढकललं आणि तुम्हाला तसं रंगवून लिहून पाठवलं. साहेबाचा सलामही माझाच. साहेबाला तुमचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि दादा मांडीवर थाप मारून जे म्हणाला असं मी लिहिलं होतं, ते तो म्हणाला नाही. ते शब्द मी रचले. तुम्ही खूश व्हाल म्हणून रचले. तुमचं ते पत्र मी दादाला वाचून दाखवलंच नाही. त्यानं ते ऐकलं नाही, मायनं ऐकलं नाही. तुम्ही काय लिहिलं होतं ते दादाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर भाऊंना विचारा, मी कसा आहे ते. मायला विचारा. ती माझ्याशी बोलत नाही.

पेवाचं तोंड आम्ही माती आणि दगड घालून बुजवलं आहे. बाटल्या आतच राहिल्या. कुणी त्या काढायला तयार झालं नाही. परवा त्या बाजूनं गेलतो तर जमिनीखाली एक दबका आवाज झाला. आतल्या आत फुटतात अजून.

तुम्ही बाळाला घेऊन घरी या. घर तुमचं आहे, जमीन राधाकिशनची आहे. बाळाच्या पायगुणावरून माय तुम्हाला काही बोलणार नाही, तसा शब्द तिनं जोगाईपुढे दिला आहे. रोज दारात येऊन गेवराईच्या वाटेकडे बघत बसते. चिंच लावून वाळे पुन्हा पुन्हा धुते. तुम्ही याल तेव्हा मी इथं नसेन. धारूरला एका आडत्याकडे लिहायचं काम धरलं आहे. पेरणीला येईन, शेत करून देईन आणि अंगणातूनच परत जाईन. माझं तोंड तुम्हाला पाहावं लागणार नाही.

बाळ मोठं झालं की विचारेल, बाप कसा गेला. तेव्हा काकाचं नाव सांगा. लपवू नका, आणि माझी दया करू नका. शाप द्यायचा तर सगळा मला द्या, त्यातला कणभरही दुसऱ्या कुणासाठी ठेवू नका.

उत्तर लिहू नका.

आता तुमचा दीर म्हणवून घ्यायला तोंड नसलेला,
बंकट